आकुर्डीचा मुक्काम

चाकण-भोसरीत खोली शोधणाऱ्या नव्या जोडप्याला घरमालक आधी विचारतो, ‘पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट?’ सतराव्या शतकात देहूला चौकशी वेगळी व्हायची : गुरू कोण? वेरूळजवळच्या देवगावची बहिणाबाई तुकोबांच्या ओढीने नवऱ्यासह देहूत आली. (नवरा वयाने बराच मोठा, आधी तुकोबांचं नावही खपवून न घेणारा.) तिथल्या मंबाजी गोसाव्याने बिऱ्हाडाला जागा नाकारली, पुढे त्यांची गाय कोंडून बडवली. तिच्या आत्मपर अभंगांत हे सगळं आहे.

त्याच देहूहून आता ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरी मुक्कामाला येते. त्या रात्रीसाठी चाकण-भोसरीत नव्याने आलेली लातूर-जालन्याकडची, माळकरी घरांतली जोडपी कारखान्यातली पाळी बदलून घेतात. तो वारकऱ्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळतो, ती पिठल्याच्या पातेल्यापाशी. शेजारी भाकरी थापणाऱ्या काकू ‘गाव कुठलं गं?’ विचारतात आणि बालवाडी, रेशनकार्ड, बरा डॉक्टर, सगळ्याचा पत्ता तिथंच लागतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हे वर्षभरात साधत नाही.

या अंकात अशा सेवेकऱ्यांशी गप्पा आहेत. फोटो कमी आहेत. बहुतेकांना सकाळी पहिली पाळी गाठायची होती.