वेष आणि वाणी

गुडीहत्नूरच्या फाट्यावर, जेथे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यापासून इंद्रवेल्ली-उटनूरची वाट फुटते, तेथे घटकाभर उभे राहिले म्हणजे मनुष्याच्या पोशाखाचे एक प्रदर्शनच डोळ्यांपुढून जाते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेस निघालेले पांढऱ्या पागोट्यांचे गोंड बांधव, आरशांच्या काचोळ्या ल्यालेल्या लंबाडी स्त्रिया, गळ्यात तुळशीची माळ घातलेला एखादा वारकरी, अय्यप्पाची दीक्षा घेऊन काळे वस्त्र नेसलेले तरुण, बुरखा घेतलेल्या मायलेकी, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारे फेटेधारी शीख प्रवासी. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू व लंबाडी या भाषा येथे जशा एकाच चहाच्या टपरीवर बोलल्या जातात, तसेच हे वेषही एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात. कोणी कोणास विचारीत नाही, की बाबा रे, तू हे असे का नेसलास?

मात्र जे फाट्यावर कोणी विचारीत नाही, ते अलीकडे व्यासपीठांवरून वारंवार विचारले जाऊ लागले आहे. आमचे गाव दोन राज्यांच्या सीमेजवळ आहे. भाषेने आम्ही महाराष्ट्राचे नातलग, राज्यकारभाराने तेलंगणाचे रहिवासी. त्यामुळे दोन्हीकडचे पुढारी काय बोलतात ते आमच्या कानांवर पडते. त्यांच्या दोन वक्तव्यांविषयी या वार्षिकांकात काही विचार मांडावेत असे आम्हांस वाटते. कारण ती दोन्ही वक्तव्ये परीक्षेस बसणाऱ्या मुलींविषयी होती, आणि परीक्षा हा विषय तर आमच्या जिव्हाळ्याचा!

पहिली घटना जून 2023 मधील. हैदराबादेतील एका परीक्षाकेंद्रावर काही विद्यार्थिनींना बुरखा उतरवल्यावाचून आत जाऊ दिले नाही, अशी तक्रार झाली. तेलंगणाचे तत्कालीन गृहमंत्री महंमद महमूद अली यांनी तशी सक्ती हे सरकारचे धोरण नाही असे सांगितले, आणि ते योग्यच होते. परंतु ते तेथे थांबले नाहीत. स्त्रियांच्या तोकड्या कपड्यांमुळे अडचणी उद्भवतात, अंगभर कपडे असले म्हणजे लोकांना स्वस्थता लाभते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. एका मुलीच्या वेषाचे रक्षण करताना त्यांनी दुसरीच्या वेषावर ठपका ठेवला.

दुसरी घटना जानेवारी 2025 मधील. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांस पत्र लिहून दहावी-बारावीच्या परीक्षाकेंद्रांत बुरख्यास परवानगी देऊ नये अशी मागणी केली. कॉपीस आळा बसावा व परीक्षार्थीची ओळख पटावी, हे त्यामागील कारण सांगण्यात आले. कारण क्षुल्लक नाही. तथापि त्याच्या जोडीला लांगूलचालनासारखे राजकीय शब्दही आले, आणि परीक्षेच्या व्यवस्थेचा प्रश्न पाहता पाहता एका समाजाचा प्रश्न होऊन बसला.

हे दोन मंत्री राजकारणात एकमेकांपासून कोसो दूर आहेत. तरीही दोघांच्या बोलण्यात एक साम्य दिसते. दोघेही अशा मुलींविषयी बोलले, ज्यांना त्या घटकेस उत्तर देण्यास अवकाश नव्हता. त्यांच्यापुढे प्रश्नपत्रिका होती.

मग अशा वक्तव्यांस कायद्याने बंदी घालावी काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही.

आमच्या पूर्वजांनी मुकेपणाचे दिवस पाहिले आहेत. हा जिल्हा निजामी राजवटीत होता, तेव्हा साधी सभा भरवावयाची तरी आगाऊ परवानगी लागे. ज्या फर्मानान्वये ती लागे त्या 'गश्ती निशाण 53'चे नाव हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 17 सप्टेंबर 1948 नंतर ते दिवस संपले, आणि 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेच्या 19व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास दिले. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी इत्यादी कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण 'कोणास तरी वाईट वाटले' हे कारण त्या यादीत नाही. धार्मिक भावना दुखावण्याचा जो गुन्हा 1927 साली दंडसंहितेत आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या 299व्या कलमात आहे, त्यासही हेतुपुरस्सरता व दुष्ट बुद्धी यांची अट आहे.

भावना दुखावल्याच्या तक्रारीचे हत्यार कोणाच्या हाती जाईल आणि कोणावर चालेल, याचा भरवसा नसतो. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सर्व व्यवहार बंद राहिले. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली, आणि दोघींना अटक झाली. ज्या कायद्याचा तेव्हा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरविले. बलाढ्य पुढाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी केलेला कायदा अखेर सामान्य मुलीच्याच दारात येऊन उभा राहतो.

दूरचे उदाहरण कशाला? पूर्वी आमच्याच जिल्ह्यात असलेल्या आणि आता स्वतंत्र झालेल्या मंचेरियाल जिल्ह्यात, एप्रिल 2024 मध्ये काही विद्यार्थी हनुमान दीक्षेचे भगवे वस्त्र नेसून एका मिशनरी शाळेत आले. शाळेने त्याबद्दल हटकले. ती बातमी पसरताच जमाव आला आणि त्याने शाळेत तोडफोड केली. वर शाळेच्या चालकांवरच धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदविण्यात आला. मुलांना गणवेषाचा नियम सांगावा, की दीक्षेचे दिवस संपेपर्यंत सवलत द्यावी, हा पालक व शिक्षक यांनी एका बैठकीत सोडवावयाचा प्रश्न होता. 'आमच्या भावना दुखावल्या' हे वाक्य उच्चारले गेले, आणि बैठकीची जागा दगडांनी घेतली.

यावर कोणी म्हणेल, "मग पुढाऱ्यांनी वाटेल ते बोलावे, आणि लोकांनी ते निमूटपणे ऐकावे, असे तुमचे म्हणणे आहे काय?" तसे मुळीच नाही. कायद्याने एखादी गोष्ट वर्ज्य नसली म्हणजे ती शोभून दिसतेच असे नव्हे. बोलण्याचा अधिकार ही एक गोष्ट आहे. बोलण्याचे औचित्य ही दुसरी.

महाराष्ट्रात पोशाखावर कठोर टीका झालीच नाही काय? गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असा निबंध लिहिला, तेव्हा सनातनी पुणे संतापले. केशवपनावर, सोवळ्या-ओवळ्यावर त्यांनी जे आसूड ओढले, त्यांमुळे असंख्य भावना दुखावल्या. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली. त्या काळी भावना दुखावण्यास बंदी असती, तर 1888 साली 'सुधारक' पत्र निघालेच नसते, आणि आज आमच्या वर्गांत मुली कदाचित दिसल्या नसत्या. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हाही रोष ओढवलाच. सुधारणेचा इतिहास हा बव्हंशी दुखावलेल्या भावनांचा इतिहास आहे.

मग आगरकर-दलवाईंची टीका आणि आजच्या मंत्र्यांची वक्तव्ये यांत भेद कोणता? आम्हांस तीन भेद दिसतात.

पहिला भेद सत्तेचा. आगरकरांच्या हाती लेखणी होती, फौजदार नव्हता. त्यांचे म्हणणे वाचकास पटले तर तो मानी, न पटले तर पत्र फाडून टाकी. मंत्र्याचे तसे नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 3 जानेवारी 2023 रोजी कौशल किशोर खटल्यात सांगितले, की मंत्र्याच्या भाषणावरही 19व्या अनुच्छेदात सांगितलेल्या निर्बंधांपलीकडे अधिक निर्बंध लादता येत नाहीत, आणि बहुमताने असेही ठरविले, की मंत्र्याचे प्रत्येक वक्तव्य आपोआप सरकारचे ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे आम्हांस मान्य आहे. परंतु परीक्षाकेंद्राच्या दारात उभा असलेला शिपाई घटनापीठाचा निवाडा वाचून आलेला नसतो. त्याने मंत्र्याचे भाषण ऐकलेले असते. मंत्र्याचे मत खाली उतरता उतरता हुकूम बनते. म्हणून ज्याच्या हाती सत्ता अधिक, त्याने शब्द अधिक तोलून टाकावा.

दुसरा भेद त्यागाचा. आगरकर व दलवाई आपल्याच घरच्या रूढींवर बोलले, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. परक्याच्या रूढीवर टीका करूच नये असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर सत्याचीही जातवार वाटणी होईल. परंतु दुसऱ्याच्या पोशाखावर बोलून ज्यास टाळ्या व मते मिळतात आणि ज्याचे काहीच जात नाही, त्याने आपल्या हेतूची दोनदा तपासणी करावी.

तिसरा भेद चालीचा आणि व्यक्तीचा. चालीवर टीका करणे निराळे, ती चाल पाळणारीची टवाळी करणे निराळे. ऑगस्ट 2018 मध्ये इंग्लंडचे बोरिस जॉन्सन, जे पुढील वर्षी तेथील पंतप्रधान झाले, त्यांनी एका दैनिकात लेख लिहिला. डेन्मार्कप्रमाणे बुरख्यावर बंदी घालू नये, हाच त्या लेखाचा निष्कर्ष होता. पण लिहिता लिहिता त्यांनी बुरखाधारी स्त्रियांना टपालपेटीची उपमा दिली. निष्कर्ष उदार होता. पण लोकांच्या ध्यानी राहिली ती टपालपेटी. रस्त्यात त्या स्त्रियांची चेष्टा करावयास निघालेल्या टवाळखोरांस बंदीविरोधी युक्तिवादाचा काही उपयोग नव्हता. उपमेचा मात्र होता.

आता परीक्षेच्या मूळ प्रश्नाकडे वळू. परीक्षार्थीची ओळख पटविणे हा परीक्षकांचा हक्क आहे, किंबहुना ते त्यांचे कर्तव्य आहे. कॉपी करणारा हात बाहीत चिठ्ठी लपवितो, मोज्यात लपवितो, तसा बुरख्यातही लपवील; तेव्हा तपासणी सर्वांची व्हावी. मुलींची तपासणी आडोशास एखाद्या शिक्षिकेने करावी, चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहावा, आणि तिला वेळेवर आपल्या बाकावर बसू द्यावे. एवढ्यासाठी भाषणाची काय गरज? एक शिक्षिका आणि एक पडदा पुरेसा आहे. जो प्रश्न पडद्याआड दोन मिनिटांत सुटतो, तो व्यासपीठावर नेला की वर्षानुवर्षे सुटत नाही.

पोशाखाचे नियम करूच नयेत असे नाही. परंतु नियम सर्वांस सारखा असावा. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी इत्यादींस मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, पण 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब व टोपीवरील मनाईस अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा न घालण्याचा निर्बंध मात्र कायम ठेवला. सुनावणीत न्यायमूर्तींनी एक साधा प्रश्न विचारला: टिकली किंवा टिळा लावणाऱ्यांनाही तुम्ही मनाई कराल काय? हा प्रश्न प्रत्येक नियमकर्त्याने स्वतःस विचारावा. आमच्या राज्यघटनेने तर 25व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचा नावाने उल्लेख केला आहे. घटनाकारांना वेषाचे मर्म ठाऊक होते.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, उद्या तुमच्यांतून कोणी सरपंच होईल, कोणी आमदार, कोणी मंत्रीही होईल. त्या दिवसासाठी आजच एक सवय लावून घ्या. कोणाच्या वेषाविषयी बोलण्याची ऊर्मी आली, तर आधी मनाशी विचारा: हे मी त्या व्यक्तीच्या तोंडावर, तिच्या आईवडिलांच्या देखत बोलेन काय? आणि तिने उलट उत्तर दिले तर ते शांतपणे ऐकून घेईन काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर अवश्य बोला. ती टीका होईल. नकारार्थी असेल तर गप्प बसा. ती निव्वळ टवाळी होईल.

आणि ज्यांच्या वेषाविषयी बोलले जाईल, त्यांसही आमची एक विनंती आहे. दुखावल्याचे दुःख खरे असते; ते लपवू नका. पण त्याला दगडाचे किंवा फिर्यादीचे रूप देण्याआधी शब्दाचे रूप देऊन पाहा. वादसभेत उभे राहा, या अंकासाठी लेख लिहा, बोलणाऱ्याच्या घरी जाऊन त्यास विचारा. दिवाळीत दंडारीच्या वेळी मोरपिसांचा टोप घालून गुस्साडी नाचतात, तेव्हा परगावचा मनुष्य प्रथम हसतो. त्या टोपामागील व्रत कोणी समजावून सांगितले, की तोच मनुष्य हात जोडतो. समजावून सांगण्याचे हे काम जमावास जमत नाही. ते एकेका माणसानेच करावे लागते.

फाट्यावरच्या त्या बाकावर सर्व वेषांना आजही जागा आहे. ती तेथे कोणत्याही मंत्र्याच्या भाषणाने झालेली नाही. एकमेकांस थोडे सरकून बसू देणाऱ्या सामान्य माणसांनी ती केली आहे. ती राखण्याचे काम आता तुमच्याकडे येत आहे.