विषारी दारूवर लिंबू-आवळ्याचा उतारा नाही

अँटिऑक्सिडंट हा शब्द आता आपल्या कात्रपच्या वस्त्यांतही पोहोचला आहे. आवळा, लिंबू, पेरू, पालेभाज्या यांत ते असतात आणि रोजच्या जेवणात ते हवेतच. पण 'दारू बाधली तर लिंबू पाजा, विष उतरेल' हा समज जीव घेणारा आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीतही असेच बळी गेले. गेले ते हातावर पोट असलेलेच. मालवणीच्या दारूत मिथेनॉल होते. हे कारखान्यात वापरायचे रसायन. दारूत मिसळले तर चवीवरून ओळखू येत नाही.

शरीरात गेल्यावर मिथेनॉलचे हळूहळू फॉर्मिक ॲसिड बनते. म्हणून माणूस रात्री नुसता नशेत वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. या ॲसिडमुळे पेशींना प्राणवायू वापरता येत नाही, पेशी जाळणारे घटक वाढतात आणि डोळ्यांच्या नसा निकामी होतात. अँटिऑक्सिडंट त्या घटकांना काहीसे आवरतात. उंदरांवरील प्रयोगांत तसे दिसले आहे. पण रक्तातले विष ते बाहेर काढत नाहीत. त्यासाठी रुग्णालयातली औषधे आणि डायलिसिसच लागते. लिंबूपाण्यात गेलेला प्रत्येक तास दृष्टी आणि जीव हिरावतो.

उशीर आणखी एका कारणाने होतो: लाज आणि पोलिसांची भीती. आपण पंचशील घेतो, पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते. ते पाळायलाच हवे. पण ज्याच्याकडून ते मोडले, त्याला घरात झाकून मरू देणे हा धम्म नव्हे. करुणा आधी, जाब नंतर.

म्हणून अशी लक्षणे दिसताच १०८ ला फोन करा. काय प्यायले, कधी प्यायले, हे डॉक्टरांना खरे सांगा. बाटली किंवा पिशवी उरली असेल तर सोबत न्या. ज्यांनी सोबत प्यायली, त्यांना त्रास नसला तरी तपासायला न्या.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात एवढे पाच मिनिटे सांगितले, तरी एखादे घर वाचेल. जय भीम!