रानवाटेवर रिव्हॉल्व्हर कशाला? महाड-पोलादपूरच्या डोंगरांचा जबाब

#धागा

१/ सह्याद्रीत हिंडणाऱ्या हौशी मंडळींत एक प्रश्न अधूनमधून कानी येतो: रानात फिरताना कमरेला कोणते रिव्हॉल्व्हर असावे? बत्तीस बोअरचे की त्याहून मोठे, आखूड नळीचे की लांब? वरंध घाटापासून आंबेनळी घाटापर्यंतचा मुलूख, म्हणजे महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके समोर ठेवून या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो. उत्तर एवढेच की कोणतेही नको. का नको, ते मात्र इतिहासात शिरून सांगावे लागेल.

२/ आधी प्रश्नाचे कूळ पाहू. तो आपल्या मातीतला नाही, अमेरिकेतला आहे. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये तिथे आपल्या फिरत्या चक्राच्या हत्याराचे पेटंट घेतले. १९५५ च्या सुमारास .४४ मॅग्नम हे दणकट काडतूस बाजारात आले आणि अस्वलांच्या प्रदेशात जाताना ते जवळ असावे, असा समज तिकडे रुजला. त्या अस्वलाचे वजन कित्येक क्विंटल असते, हे ध्यानात घ्यावे.

३/ आणि त्या अस्वलांच्या देशातही या समजाला तडा गेला आहे. अलास्कातील घटनांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने दहापैकी नऊ प्रसंगी तपकिरी अस्वलाला आवरल्याचे आढळले. त्याच अभ्यासकांनी पुढे बंदुकांचाही हिशेब मांडला, तेव्हा बंदूक बाळगणारा अधिक सुरक्षित असतो असे काही दिसले नाही. ज्यांची फॅशन आपण उसनी घेतो, त्यांनीच ती तपासून बाजूला ठेवली आहे.

४/ इथे हमखास एक आक्षेप येतो: “हा तर शिवरायांचा मुलूख. प्रतापगडावर महाराज निःशस्त्र गेले होते काय?” नव्हते. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीला महाराज अंगात चिलखत घालून, हत्यार लपवून गेले. परंतु या दाखल्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ती रानातली फेरी नव्हती. समोर घात करू शकणारा शत्रू आहे, हे पक्के ठाऊक असताना घेतलेली ती भेट होती.

५/ शिवाय लपवलेल्या हत्याराने पडला तो एक खान. त्याची फौज पाडली ती जावळीच्या रानाने. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतल्यापासून महाराजांनी तो डोंगर, त्यातल्या पायवाटा, पाणवठे आणि खिंडी आपल्याशा केल्या होत्या. विजापूरच्या सैन्याकडे तोफा होत्या, हत्ती होते, घोडदळ होते. मावळ्यांकडे वाटेची माहिती होती. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्या गावाची माणसे रान ओळखून होती, म्हणून रानाने त्यांना आसरा दिला.

६/ तेव्हा ज्यांना शिवकाळाचा वारसा हवा आहे, त्यांनी आधी वाटा शिकाव्यात. कमरेला चामड्याची म्यान आणि खिशात मोबाइलचा नकाशा, तोही रेंज गेली की निकामी, अशा थाटात डोंगर चढणाऱ्याने मावळ्याचे नाव घेऊ नये.

७/ मग रानात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मिरवण्याची रीत इथे आणली कोणी? साहेबाने. यासाठी १८७८ हे साल पाठ असावे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या त्या एका वर्षात तीन कायदे झाले: देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा, हत्यारांवर परवाना लादणारा आणि जंगले सरकारजमा करणारा. शाळेत आपण पहिला शिकतो, दुसऱ्याचा उल्लेख ऐकतो, तिसरा विसरतो. डोंगरातल्या माणसाला मात्र दुसरा आणि तिसरा एकदमच भोगावा लागला.

८/ रान सरकारचे झाले आणि त्या रानाच्या कडेला शेत राखणाऱ्याची बंदूक परवान्याखाली गेली. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र नियमांनी परवान्यातून सूट होती. गोऱ्याने रानात यावे, सावज टिपावे, सोबत फोटो काढावा. काळ्याने त्याच्यासाठी हाका घालावा आणि रात्री डुकरांनी भात लोळवले तर डबा बडवावा.

९/ या पंक्तिप्रपंचाविरुद्ध काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला. जंगल कायद्याविषयीची ओरड तर आपल्याच जिल्ह्यातून इतकी वाढली की ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील जंगल-कारभाराच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. महाड तेव्हा याच जिल्ह्यात होते.

१०/ याच जिल्ह्याच्या रानात सरकारी बंदूक कोणावर चालली, तेही सांगितले पाहिजे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला, सत्याग्रही पडले आणि त्या धुमश्चक्रीत मामलेदारालाही प्राण गमवावे लागले. लोकांच्या हाती कोयते होते ते लाकूड तोडण्यासाठी. रायगडच्या रानातला सर्वांत प्रसिद्ध गोळीबार वाघावर झालेला नाही, माणसांवर झालेला आहे.

११/ यावर कोणी म्हणेल, “म्हणजे हत्यारबंदी हा अन्याय होता, हे तुम्हीच मान्य करता. मग आता आम्ही रिव्हॉल्व्हर घेतले तर बिघडले कुठे?” इथेच गल्लत होते. १८७८ चा अन्याय असा की शेत राखणाऱ्याचे साधन काढून घेतले गेले. साहेबाचे खेळणे आपल्याला मिळाले नाही, हा अन्याय नव्हता. रानाच्या कडेला हत्याराचा हक्क सांगायचाच तर तो राखणदाराचा आहे, फिरस्त्याचा नाही.

१२/ स्वतंत्र भारताच्या कायद्याने हा भेद पुष्कळसा ओळखला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. त्यासाठी सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. “मला डोंगरात फिरायची हौस आहे” हे सबळ कारण कसे होईल?

१३/ पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने प्राण्याला मारावे लागले तर तो गुन्हा नाही, असे कलम ११ सांगते. पण त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असता कामा नये. अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय हत्यार नेणे मुळात मना आहे. म्हणजे ज्या दाट रानात जाऊन रिव्हॉल्व्हर काढण्याची स्वप्ने पडतात, तिथे ते नेल्यानेच बचावाची बाजू लंगडी होते.

१४/ कायदा क्षणभर बाजूला ठेवून हत्याराचे गुण पाहू. सामान्य नागरिकाला मिळू शकते ते .३२ बोअरचे; .३८ आणि ९ मिमी हे बोअर त्याला वर्ज्य आहेत. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढले, ते याच बोअरचे: वजन अर्धा किलो, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. ही गोळी चार पावलांवरच्या माणसाचा विचार करून घडवलेली आहे.

१५/ आता समोर गवा आणा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या आसपास जातो. त्याच्या कपाळावर .३२ ची गोळी म्हणजे डिवचणे आहे. जखमी रानडुक्कर तर न दुखावलेल्यापेक्षा कितीतरी घातक. बिबट्या दिसतो तेव्हा बहुधा तो निघून जात असतो, आणि येतो तेव्हा म्यानीचे बटण उघडण्याइतकाही अवकाश देत नाही. राहिला प्रश्न सोबत्यांचा. अरुंद वाटेवर, घामट हाताने, घाबरून झाडलेली गोळी पुढच्या माणसाला लागण्याचा संभव अधिक. सावज समजून माणसावरच बार टाकल्याच्या बातम्या कोकणात येतच असतात, आणि ते तर सराईत शिकारी असतात.

१६/ मग या दोन तालुक्यांच्या रानात माणूस मरतो कशाने? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्या डॉक्टरांनी आयुष्य घालवले, ते महाडचेच. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांच्यासमोर येत ते लाल विंचवाने डसलेले शेतकरी, मजूर, लहान मुले. गंभीर दंश झालेल्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक दगावत असत.

१७/ बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले आणि नोंदी ठेवत गेले: ओकारी, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय आणि अखेर फुप्फुसात पाणी. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या ओझ्याखाली थकते. तेव्हा आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यांनी वापरून पाहिले. १९८० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण शेकडा काहीच्या घरात आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१८/ महाडच्या रानाच्या भयाला मिळालेले हे खरे उत्तर आहे. ते एका गोळीनेच दिले, पण ती औषधाची गोळी होती. ज्या गावाने जगाला हा उपचार दिला, त्या गावच्या डोंगरात शिरताना कोणी .३२ की .३८ असा ऊहापोह करीत असेल, तर त्याला आपण कुठे उभे आहोत हे कळलेले नाही.

१९/ विंचवानंतर साप. फुरसे तर कोकणाच्या कातळावर आणि पाचोळ्यात कुठेही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. यातल्या एकालाही रिव्हॉल्व्हरने वाचवले नसते. वाचवतात ते घोट्यावर येणारे बूट, रात्री विजेरी, पुढची जमीन चाचपणारी काठी आणि वेळेत मिळालेली प्रतिविषाची लस. दंशावर चिरा मारू नये, आवळून बांधू नये, १०८ ला फोन करावा.

२०/ आणि या सर्वांहून मोठा मारेकरी पाऊस. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यात या घाटांत भटकायला निघणाऱ्याने हवामान खात्याचा इशारा वाचावा आणि गावकरी “आज जाऊ नका” म्हणाले तर मुकाट्याने परतावे.

२१/ राहिला तो खरा शस्त्रप्रश्न, ज्याविषयी या हौशी चर्चांत चकार शब्द निघत नाही. भात पिवळे पडू लागले की रानडुकरांचे कळप उतरतात. शेतकरी माळ्यावर बसून रात्र जागवतो. त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक असलीच, तरी निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती बहुतेकदा पोलीस ठाण्यात जमा होते.

२२/ आता दिनदर्शिका पाहा. २००४, २००९, २०१४ आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात झाल्या, २०२४ ची नोव्हेंबरात. कोकणात भात पिकण्याचा आणि कापणीचा हाच मोसम. दर पाच वर्षांनी नेमकी राखणीच्या ऐन वेळी राखणदाराची बंदूक काढून घेतली जाते. मग फासकी लागतात, गावठी बॉम्ब पेरले जातात, त्यात गुरे मरतात, माणसे मरतात. १८७८ ची सावली अजून इथे पडलेली आहे.

२३/ म्हणून रानाच्या सुरक्षिततेचा कळवळा असणाऱ्यांनी सव्वा लाखाच्या रिव्हॉल्व्हरची चर्चा सोडावी आणि तीन गोष्टींसाठी भांडावे. एक: दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन, सर्पविषाची लस आणि ती टोचणारा माणूस रात्रीही हजर आहे काय, हे जाऊन विचारावे. दोन: पीक-संरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा न करता माणूस पाहून निर्णय व्हावा. तीन: डुकरांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा आणि भरपाई हातात पडावी.

२४/ आणि डोंगरात जायचे असेल तेव्हा पायथ्याच्या वाडीतला एक वाटाड्या सोबत घ्यावा, त्याला त्याची मजुरी द्यावी, तो काठी टेकून थांबला की आपणही थांबावे. त्याच्या कमरेच्या आकडीत कोयता असेल. तेवढे हत्यार त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहे.

(धागा समाप्त)