गोठलेल्यांची सोय झाली, आजाऱ्यांचं काय?

क्रायोनिक्स म्हणजे मेलेला माणूस उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून द्यायचा, पुढेमागे विज्ञान त्याला उठवेल या आशेवर. आमच्या अमडापुरात हे सांगितलं तर लोक म्हणतील, "त्यात काय, नायट्रोजन त गुरायच्या दवाखान्यातबी रायते!" बरोबरच आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

मेलेला माणूस परत उठेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण आग लागली, भूकंप झाला तर या 'पेशंट'ना (ते असंच म्हणतात!) बाहेर कसं काढायचं, या प्रश्नावर त्यांनी डोकं लावलंय हे मान्य करावंच लागेल. अल्कॉर ही संस्था आधी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला होती. तिथे भूकंपाची भीती, म्हणून १९९४ मध्ये सगळे पेशंट घेऊन अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलला गेली. म्हणजे संकट यायच्या आधीच इव्हॅक्युएशन. टाक्या म्हणजे मोठाले थर्मास, त्यांना वीज लागत नाही. माणसं आत डोकं खाली करून ठेवतात; नायट्रोजन कमी झालाच तर आधी पाय वितळतील, मेंदू सगळ्यात शेवटी. पळायची वेळच येऊ नये असं डिझाइन. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. चॅट्सवर्थच्या दफनभूमीत नायट्रोजन भरणं थांबलं आणि ९ देह कुजले, हे १९७९ मध्ये उघडकीला आलं होतं.

आता आपल्याकडे या. ९ जानेवारी २०२१, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांच्या कक्षात रात्री आग. १७ पैकी १० बाळं गेली. २१ एप्रिल २०२१, नाशिकचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. तिथली टाकी द्रव ऑक्सिजनची, म्हणजे तीही क्रायोजेनिकच. गळती झाली, दाब पडला आणि किमान २२ माणसं गेली. यांना कुठे पळता येणार होतं?

आम्ही आयटीवाले सर्व्हरसाठी डिझास्टर रिकव्हरीचे ड्रिल करतो. बँकेच्या डेटाची कॉपी दुसऱ्या शहरात असते. आणि दवाखान्यात? जिन्याजवळ फ्रेम केलेला नकाशा. मॉक ड्रिल म्हणजे धडधाकट स्टाफ रांगेत खाली उतरतो, फोटो निघतो, संपलं. व्हेंटिलेटरवरचा माणूस त्या ड्रिलमध्ये धरलेलाच नसतो. ज्याच्यासाठी प्लॅन हवा, नेमका तोच वगळलेला!

"अमेरिकेत पैसा आहे हो" हे उत्तर मला देऊ नका. माणूस उलटा ठेवायला पैसे लागत नाहीत, विचार लागतो. न चालणारा पेशंट कितव्या मजल्यावर ठेवायचा, दाराजवळचा बेड कुणाला द्यायचा, भरलेले सिलिंडर हाताशी कुठे ठेवायचे, हे ठरवायलाही फार पैसे लागत नाहीत. अमडापूरहून आजारी माणूस घेऊन लोक चिखलीला, बुलडाण्याला जातात. तिथे पहिला प्रश्न डिपॉझिट किती हाच असतो. त्याच काउंटरवर आणखी एक विचारून बघा: रात्री दोन वाजता या मजल्यावर न उठू शकणारे किती, आणि त्यांना उचलायला माणसं किती?