स्टेटस नको, एक प्रश्न विचारा!

१६ डिसेंबर म्हणजे विजय दिवस, हे शाळेपासून पाठ आहे. पण त्याच्या दोन दिवस आधीचं काय? १४ डिसेंबरला बांगलादेशात ‘शहीद बुद्धिजीवी दिन’ पाळतात. १९७१ मध्ये पराभव समोर दिसत असताना पाकिस्तानी लष्कर आणि त्याच्या साथीच्या अल-बदरनं ढाक्यात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकारांना घरातून उचलून मारलं. नाटककार प्राध्यापक मुनीर चौधुरी, हृदयरोगतज्ज्ञ फजले रब्बी, पत्रकार सेलिना परवीन ही त्यातली तीन नावं. नवा देश तर आता अडवता येणार नव्हता, मग निदान त्याची विचार करणारी माणसं तरी संपवायची!

आपल्याकडे युद्ध नव्हतं. तरी २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात, ओंकारेश्वरजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ‘साधना’चे संपादक, डॉक्टर आणि भारताकडून कबड्डी खेळलेला गडी. त्यांचं भांडण देवाशी नव्हतं, देवाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीशी होतं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो आला त्यांच्या खुनानंतर. दोघांना जन्मठेप व्हायला २०२४ उजाडलं.

२०१८ पासून देशभरातल्या लोकविज्ञान संघटना २० ऑगस्टला ‘राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन’ पाळतात. खरं सांगा, गेल्या २० ऑगस्टला तुमच्या कॉलेजात काय झालं? फार तर कुणीतरी स्टेटस टाकलं असेल. संध्याकाळी डोंबिवली लोकलमध्ये लटकताना समोर बाबा बंगालीचं स्टिकर होतंच.

म्हणून एक सुचवतो. त्या दिवशी कॉलेजात एक तास फक्त प्रश्नांचा ठेवा. हार नको, प्रमुख पाहुणे नकोत. कुणीही कुणालाही काहीही विचारायचं. सरांना, मॅडमना उत्तर येत नसेल तर त्यांनी बिनधास्त म्हणावं, ‘माहीत नाही, शोधू या.’ आणि हात वर करणाऱ्याला मागच्या बाकावरून ‘ए शहाण्या, बस खाली’ म्हणायचं नाही. कारण प्रश्न बंद पाडायला दर वेळी बंदूक लागत नाही, असं एक वाक्यही पुरतं.

दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर आपण हजारोंनी जमतो. या तासाला दहा जण आले तरी चालेल. पण त्या दहांनी विचारायला हवं.