बंद खोलीतली ऊब

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की किनाऱ्यावरच्या माणसाला प्रवासाची हुक्की येते. भात घरात आलेले असते, गावच्या जत्रा एकेक करून आटोपत असतात, आणि घरच्या देवाचे झाले की दूरच्या देवाची आठवण होते. मध्य प्रदेशात गेलेले, परंतु बोलीने अजून मराठीच राहिलेले जामसांवली हे अशा दूरच्या देवस्थानांपैकी एक. नागपूरहून साठ-सत्तर किलोमीटरवर, सौसरजवळ, पिंपळाखाली पहुडलेला मारुती तेथे आहे. गदा उगारलेला किंवा पर्वत तळहातावर घेतलेला मारुती आपण गावोगाव पाहतो. आडवा होऊन विसावलेला मारुती विरळाच. म्हणून लोक तेथे मुद्दाम जातात, आणि गेलेले पुष्कळजण रात्रीचा मुक्कामही करतात.

सातपुड्याच्या पायथ्याची रात्र आणि समुद्राकाठची रात्र यांत मात्र मोठे अंतर आहे. पारा विसावर उतरला की आपण कानटोपी शोधू लागतो. त्या मुलखात डिसेंबर-जानेवारीत तो दहाच्याही खाली घसरतो. अशा रात्री आपला यात्रेकरू खोलीत शिरताच दोन गोष्टी करतो. खिडकीची कडी लावतो, आणि ऊब देणारे काही मिळेल काय, अशी विचारणा करतो. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय ओढवू शकते, ते सांगण्यासाठी आजचा हा अग्रलेख आम्ही लिहीत आहोत. जामसांवलीचे नाव घेतले ते त्या क्षेत्राला दूषण देण्यासाठी नव्हे. तेथे नवे बांधकाम व्हावयाचे आहे, आणि सांगावयाचे ते अशा वेळीच सांगितले पाहिजे, म्हणून घेतले.

नेपाळमध्ये दामन नावाचे एक थंड हवेचे ठिकाण आहे. गोमंतकीयांच्या परिचयाचे दमण ते हे नव्हे. हे समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. २०२० सालच्या जानेवारीत केरळमधील पंधरा प्रवाशांचा मेळावा तेथे उतरला. २० जानेवारीच्या रात्री त्यांपैकी आठजण एकाच खोलीत झोपले. खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता आणि दारेखिडक्या आतून लावून घेतलेल्या होत्या. सकाळी दार वाजवून कोणी उठेना. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूला नेण्यात आले, परंतु आठांतील एकही वाचला नाही. त्यांत चार मुले होती. आमच्या वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की ही माणसे आपल्यासारखीच होती. नारळीच्या सावलीत वाढलेली, घामाशी परिचित आणि थंडीशी अपरिचित. काश्मीरच्या किंवा कुमाऊँच्या माणसाला बंद खोलीतल्या अग्नीचे भय वाडवडिलांकडून मिळते. आपल्याला ते कोण देणार?

ह्या मृत्यूचे शास्त्र अवघड नाही. आपल्या सिलिंडरमधील गॅस हे मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण. एक किलो गॅस नीट जळावयास सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. खोलीत ठेवावयाचा चाके लावलेला हीटर पूर्ण पेटवला तर तासाला साधारण तीनशे ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे तासाला चार घनमीटर हवेतील प्राणवायू फस्त करतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तितक्याच उंचीच्या खोलीत अठ्ठावीस घनमीटर हवा मावते. खोली खरोखरच बंदिस्त असेल, तर हवेतील एकवीस टक्के प्राणवायू तासाभरात अठरा टक्क्यांच्या आसपास येतो. झोपलेली माणसे घेतात तो श्वास ह्या हिशेबात धरलेलाच नाही. प्राणवायू असा उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते, आणि निरुपद्रवी वायूऐवजी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू लागतो. रक्तातील ज्या लाल द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण हजारात दीड भाग एवढे झाले तरी वीस मिनिटांत डोके ठणकू लागते व भोवळ येते, आणि एक-दोन तासांत माणूस दगावू शकतो.

येथे एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. गॅसचा वास आला की धोका, न आला की निर्धास्त, असे घरोघरी समजले जाते. मूळच्या गॅसला वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्योतीत गॅस जळतो तेव्हा हे द्रव्यही जळून जाते, आणि मागे उरतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, गंध नाही, त्याने ठसका लागत नाही. आयुष्यभर ज्या नाकावर विसंबलो, ते नाक ऐन वेळी मुके राहते. एक खूण मात्र डोळ्यांना दिसते. गॅस जळताना वाफही पुष्कळ निघते, आणि बंद खोलीत ती काचांवर घामासारखी जमते. तावदाने आतून ओली झाली तर बाहेर थंडी फार आहे एवढेच त्यावरून समजू नये. आतील हवेला बाहेर जाण्यास वाट नाही, हेही समजावे. निळी ज्योत पिवळी पडणे ही दुसरी खूण.

आपले पूर्वज हे शास्त्र शिकलेले नव्हते, तरी त्यांची घरे त्यांना सांभाळीत. मंगलोरी कौलांच्या फटींतून धूर आणि वारा रात्रंदिवस ये-जा करी. आंघोळीच्या पाण्याचे भाण न्हाणीत चुलीवर चढलेले असे, आणि न्हाणीच्या भिंती छपराला क्वचितच भिडत. घाटावरचा तांब्याचा बंब मागच्या पडवीत किंवा अंगणात धुमसे. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवावयाची आणि तिला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत फडक्यांचे बोळे कोंबावयाचे, हा रिवाज तर आपल्या किनाऱ्यावर अगदी परवापर्यंत होता. काही घरांत आजही आहे. निखारे धूर करीत नाहीत म्हणून ते निर्धोक वाटतात. वस्तुतः हा विषारी वायू सोडण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. त्या माउल्या आणि ती अर्भके वाचत, त्याचे श्रेय आम्ही डोक्यावरच्या कौलांना देतो. आता डोक्यावर स्लॅब आला, खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या, डासांपायी त्या काचा तिन्हीसांजेलाच बंद होऊ लागल्या. रिवाज मात्र तोच राहिला. सदनिकेत बाळंतिणीला शेगडी देणाऱ्या आजीबाईंना आमचे हात जोडून सांगणे आहे की शेक द्यावा, जरूर द्यावा, पण दुसऱ्या खोलीत फडके गरम करून आणावे आणि शेगडी खाटेखाली ठेवू नये.

हीटर हे आपल्याकडे पाहुण्यासारखे. गॅसचा गीझर मात्र घरचाच झाला आहे. विजेच्या बिलाला कंटाळून तो घेतला जातो आणि सोयीसाठी न्हाणीघरातच टांगला जातो. त्याची भूक हीटरच्या दुप्पट-तिप्पट. पाच फूट बाय सात फुटांच्या न्हाणीघरात पंधरा मिनिटे गीझर चालला, तर तेथील हवेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग तो वापरून टाकतो. २०२३ च्या मार्चमध्ये रंग खेळून आलेले मुंबईतील घाटकोपरचे एक दाम्पत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, आणि गीझरच्या वायूचा संशय व्यक्त झाला. त्याच सुमारास उत्तर प्रदेशात मुरादनगर येथेही एक दाम्पत्य असेच गेले. अशा बातम्या दोन दिवस चर्चेत राहतात. पुष्कळदा तर ‘न्हाणीघरात पाय घसरला’, ‘हृदयविकाराचा झटका आला’ अशी समजूत करून घेऊन घरचे लोक तोच गीझर पुन्हा वापरू लागतात. थोरामोठ्यांनाही ह्या वायूने सोडलेले नाही. फ्रान्सचा विख्यात कादंबरीकार एमिल झोला २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील आपल्या शयनगृहात ह्याच वायूने मरण पावला. धुराडे तुंबलेले होते.

ह्यावर सर्रास दिला जाणारा उपदेश एकच, ‘खिडकी थोडी उघडी ठेवा.’ उपदेश खोटा नाही. परंतु तो पुरेसा आहे असे मानणे हा आमच्या मते बेजबाबदारपणा आहे. थंडीने कुडकुडणारा माणूस खिडकी बंद करणारच. त्यासाठीच तर त्याने हीटर मागविला. शिवाय हा वायू प्रथम हल्ला करतो तो मेंदूवर. डोके जड होते, हातपाय गळतात, विचार मंदावतो, झोप अनावर होते. खिडकी उघडावी हे ज्याला सुचावयाचे, त्याची सुचण्याची शक्तीच आधी हिरावली जाते. झोपेत असलेल्याची तर गोष्टच नको. तेव्हा जी सुरक्षितता पाहुण्याच्या जागरूकतेवर अवलंबून आहे, ती सुरक्षितताच नव्हे. वायुवीजन भिंतीत असले पाहिजे, आणि ते पाहुण्याला बंद करता येऊ नये. जमिनीलगत एक झरोका, छताजवळ दुसरा, दोन्हींना जाळी आणि दोन्हींना झडप नाही. खालचा अशासाठी की न जळलेला गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो, आणि ताजी हवाही तेथूनच आत येते. वरचा अशासाठी की ज्योतीतून निघालेली तप्त हवा वर चढते आणि तिला वाट हवी. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या सज्जात, आणि आत फक्त पाण्याचा नळ. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी न्हाणीघरातील गॅसची उपकरणे बाहेरची हवा घेणारी, धूर बाहेर सोडणारी आणि खोलीच्या हवेपासून पूर्णपणे अलग अशीच असावी लागतात, आणि भाड्याच्या घरांतील गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. राहणाऱ्यावर नव्हे, मालकावर. आमचा आग्रह नेमका ह्या एका शब्दाचा आहे.

खर्च वाढेल, झरोक्यातून थंडी येईल, असे लॉजमालक म्हणतील. थंडी येईल हे खरे. त्यावर उपाय जाड रजई, किंवा हवा न खाणारा विजेचा हीटर. विजेचा भरवसा नाही असे कोणी म्हणेल, आणि तेही अगदीच खोटे नाही. पण वीज गेली तर माणूस थंडीने कुडकुडतो, सकाळी उठतो आणि मालकाशी भांडतो. त्याला भांडता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

प्रवासास निघालेल्या वाचकांसाठी दोन शब्द. धुराडे नसलेला गॅसचा हीटर खोलीत असेल तर झोपण्यापूर्वी तो बंद करून खोलीबाहेर ठेवावा. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर पित्त झाले म्हणून लिंबूपाणी घेत बसू नये. कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून त्याला आधी मोकळ्यावर आणावे, गॅस बंद करावा आणि जेथे प्राणवायूची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरण्यास चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तासाभराच्या आसपास. आणखी एक. करोनाच्या साथीपासून बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघरी आले आहे. ह्या विषबाधेत ते यंत्र फसते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले दिसते. आकडा अठ्ठ्याण्णव आला म्हणून रुग्णाला घरी निजवून ठेवू नये, आणि काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता पुन्हा जामसांवलीकडे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथे ‘हनुमान लोक’ ह्या विस्तारयोजनेचे भूमिपूजन झाले, आणि त्याच वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. क्षेत्राचा विस्तार झाला की यात्रेकरू वाढतात, आणि यात्रेकरू वाढले की भोवताली भक्तनिवास, लॉज, भाड्याच्या खोल्या उठतात. नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने खोल्या भाड्याने देण्याचा परवाना देताना झरोका पाहावा, गीझर कोठे टांगला आहे ते पाहावे, आणि देवस्थानाने आपल्या निवासांत तो दंडक स्वतः पाळून दाखवावा. पेंच-कन्हानच्या कोळसाखाणी त्याच मुलखाच्या अंगाला आहेत. खाणीतल्या वाईट हवेपायी माणसे कशी जातात, हे तेथील खाणकामगारांच्या घरी कोणी जाऊन सांगावयास नको.

आमच्या सरकारलाही हेच विचारावयाचे आहे. पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या घरांची व हॉटेलांची नोंदणी आपल्याकडे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली होते. त्या तपासणीत न्हाणीघराची भिंत एकदा बाहेरून पाहावी, आणि जेथे गीझर आत व झरोका नाही, तेथे तो बाहेर काढीपर्यंत नोंदणीचे नूतनीकरण करू नये.