ओटा कुणाच्या मापाचा?

घर नवं असो की जुन्याची दुरुस्ती, दिवाणखान्याच्या रंगावर आठ आठ दिवस खल होतो. स्वयंपाकघराचा ओटा मात्र गवंडी आपल्या सवयीने घालून मोकळा होतो किंवा कॅटलॉगमधलं एखादं चित्र पसंत केलं जातं. त्या ओट्यापुढे रोज तास न् तास उभं कोण राहणार, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ओटा काही पडद्यासारखा वर्षा-दोन वर्षांनी बदलता येत नाही. तेव्हा काम सुरू होण्याआधीच टेप आपल्या हाती घ्यावी.

पहिलं माप स्वतःचं. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून सुमारे चार इंच वजा करा; ती तुमच्या ओट्याची उंची. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३३ इंच पुरतात. त्याहून उंच ओट्याने खांदे भरून येतात, ठेंगण्याने कंबर धरते. कणीक मळताना, भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी दोन-तीन इंच खालची फळी असली तर फारच छान. सासू-सुनांच्या उंचीत फरक असेल तर बुटक्या बाईचं माप धरा. उंच बाईला जाड फळी ठेवून चिरता येतं. पण बुटकीने पाटावर उभं राहून गरम पातेलं उतरवणं धोक्याचं!

दुसरं माप खोलीचं. ओट्याची रुंदी दोन फूट धरा. खोली जेमतेम सहा फूट रुंद असेल, तर एकाच भिंतीला सरळ ओटा बरा. आठ फूट रुंदी असेल, तर समोरासमोर दोन ओटे घालूनही मध्ये चार फूट वावरायला उरतात. चौकोनी खोलीला काटकोनी, म्हणजे एल आकाराचा ओटा शोभतो. जेवायला बसायला मध्ये जागाही राहते. तिन्ही भिंतींचा ओटा मोठ्या खोलीतच घालावा. लहान खोलीत दोन्ही कोपऱ्यांत डबे जाऊन बसतात, ते हाती लागत नाहीत.

फ्रीज, सिंक आणि शेगडी या तीन जागांमध्येच आपल्या सगळ्या फेऱ्या होतात. तिन्हींमधल्या अंतरांची बेरीज १२ ते २६ फुटांत असावी, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये चिरण्या-निवडण्याला दोन-अडीच फूट कोरडी जागा हवीच. १९२६ साली फ्रँकफर्टमधल्या घरांसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी स्वयंपाकघर आखलं, ते अवघं सव्वासहा फूट रुंद नि सव्वाअकरा फूट लांब होतं! पण त्यात बसून काम करायला स्टूलही होतं. आपणही ओट्याखाली एक स्टूल सरकवायला जागा ठेवावी. गुडघे दुवा देतील.

शेगडी खिडकीखाली नको. वाऱ्याने ज्योत विझते, पडदाही पेटू शकतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला अगदी खाली जाळी हवी.

एवढं ठरलं की खडूने जमिनीवर ओटा, सिंक, फ्रीज आखा आणि सकाळचा चहा, पोळ्या, डबे असं सारं लुटुपुटीचं करून पाहा. कुठे वळसा पडतो, फ्रीजचं दार कुठे अडतं, ते लगेच कळेल. घरचे हसले तर हसू द्या! मग भिंतीवर उंचीची रेघ स्वतः मारा. मात्र माप फरशी बसल्यानंतरच्या पातळीपासून धरा, आणि काम चालू असताना एकदा तरी टेप लावून बघा.